रक्तगट शोधणारे लँडस्टायनर

कार्ल लँडस्टायनर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी ऑस्ट्रिया देशात झाला. ते सहा वर्षांचे असताना वडील वारले. म्हणजे आपल्या पहिलीतल्या पोराएवढे. आईने त्यांना वाढवले. ते डॉक्टर झाले.

त्या काळी एकाचे रक्त दुसऱ्याला दिले तर कधी माणूस वाचायचा, कधी दगावायचा. असं का, कुणालाच कळेना. लँडस्टायनर यांनी स्वतःचे आणि सोबत्यांचे रक्त घेतले. एकाच्या रक्तातल्या पिवळसर पाण्यात दुसऱ्याच्या लाल पेशी घातल्या. काहींच्या गुठळ्या झाल्या, काहींच्या नाही. आणि माणसे तर सगळी धडधाकट होती! त्यावरून १९०१ साली रक्ताचे तीन गट कळले. चौथा पुढच्या वर्षी दुसऱ्यांनी शोधला. १९३० साली लँडस्टायनर यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हातारपणीही ते प्रयोगशाळेतच असायचे. तिथेच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. २६ जून १९४३ रोजी ते न्यूयॉर्कमध्ये वारले.