खिळे घासणारा मुलगा

आजकाल संगणकावर पत्रक किंवा पुस्तक मांडणारे तरुण फाँट, लेडिंग, अप्पर केस हे शब्द सहज उच्चारतात. त्यांचें मूळ मात्र फार थोड्यांस ठाऊक असतें. फाँट या शब्दाच्या मुळाशीं धातु वितळवून ओतण्याची क्रिया आहे. लेडिंग म्हणजे दोन ओळींमध्यें घालावयाच्या शिशाच्या पट्ट्या. आणि अप्पर केस म्हणजे इंग्रजी मोठीं अक्षरें ज्यांत ठेवीत ती वरची पेटी. शिसें गेलें, पेट्या गेल्या, नांवें तेवढीं राहिलीं. आमच्या मराठींत याच्या उलट घडलें. खिळा, ओतशाळा, जुळारी हे आपल्या कारागिरांचे शब्द. ते छापखान्याच्या उंबऱ्याबाहेर फारसे आलेच नाहींत आणि तेथल्या तेथेंच विसरले गेले. ज्या माणसाचें सारें आयुष्य या शब्दांत गेलें, त्या जावजी दादाजींचें स्मरण आज आम्ही करीत आहों.

जावजींचा जन्म 1839 सालीं मुंबईंत गरिबाच्या घरीं झाला. शाळेचें सुख त्यांस फारसें लाभलें नाहीं. दहा वर्षांचे असतांनाच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत खिळे घासण्याच्या कामास लागले. साच्यांतून निघालेल्या खिळ्यास धातूचें शेपूट राहतें, कडा खरबरीत असतात. तें शेपूट मोडून कडा घासल्यावांचून खिळा ओळींत सरळ उभा राहत नाहीं. काम हलकें मानलें जाई, परंतु अक्षर बोटांनीं ओळखण्याची याहून चांगली शाळा दुसरी नसावी. त्याच छापखान्यांत टॉमस ग्रॅहम यांनीं देवनागरी खिळ्यांत पुष्कळ सुधारणा केली होती, तीही या मुलाच्या नजरेखालून गेली.

या कामाचा अवघडपणा वाचकांनीं ध्यानांत घ्यावा. पोलादी ठशाच्या टोकावर अक्षर उलटें कोरावयाचें, तो ठसा तांब्यांत ठोकून साचा करावयाचा, आणि मग शिसें, अंजन व कथील यांचा रस त्यांत ओतावयाचा. इंग्रजीचें काम थोडक्या खिळ्यांत भागतें. देवनागरीस काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरें धरून शेंकडों निरनिराळे खिळे लागतात. मात्रेसह अक्षर एकसंध ओतलें तर त्यास अखंड म्हणत. मात्रा निराळ्या बारीक खिळ्यांवर घेऊन अक्षराच्या वर व खालीं बसविल्या तर ती डिग्री पद्धत. पहिलींत खिळ्यांची संख्या वाढे, दुसरींत जुळाऱ्याचे श्रम वाढत. यांतून सुबक आणि टिकाऊ अक्षर काढणें हें केवळ हुन्नराचें नव्हे, बुद्धीचेंही काम होतें.

1864 सालीं जावजींनीं स्वतःचा ओतकामाचा कारखाना काढला. कोरक्याचें अवघड काम त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू यांनीं केलें. राणोजींचें नांव आज कितीजणांस ठाऊक आहे? पुढें 1869 सालीं निर्णयसागर छापखाना उभा राहिला आणि त्याच नांवाचें पंचांग घरोघर गेलें. त्यांचे खिळे परप्रांतींचे छापखानेही मागवूं लागले. आमच्या व्यापारी वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें: माल चोख असला म्हणजे गिऱ्हाईक दुरून चालत येतें, हें जावजींनीं दुकानाच्या पाटीवर न लिहितां अक्षरांच्या कडांत दाखविलें.

विनायक कोंडदेव ओक यांचें बालबोध मासिक 1881 पासून तेथें छापूं लागले. परंतु सर्वांत मोठें काम 1886 सालीं आरंभिलेल्या काव्यमालेचें. पंडित दुर्गाप्रसाद व काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखालीं, हस्तलिखितांत दडून बसलेलीं संस्कृत काव्यें शुद्ध छापून सामान्य विद्यार्थ्यापर्यंत पोहोंचलीं. संस्कृत विद्या ही थोड्या घरांची मिरास असें मानणाऱ्या समाजांत तिचें भांडार खुलें केलें तें कोणीं, तर ज्याच्या घरीं शास्त्रपठणाचा वारसा नव्हता अशा ओतकाऱ्यानें. पंडितांस शालजोडी देणारे आम्ही लोक, कारागीर पुढें आला कीं त्याची मजुरी चुकती करतों आणि हिशेब मिटला असें समजतों. वर्तमानपत्राच्या धंद्यांत असूनही हा दोष आमच्यांत नाहीं असें आम्हांस म्हणवत नाहीं. जुळाऱ्याचें नांव आम्हीं कधीं छापलें आहे?

5 एप्रिल 1892 रोजीं जावजी वारले. छापखाना चिरंजीव तुकाराम जावजी यांनीं पुढें चालविला, आणि काव्यमालेचे नवे भाग त्यानंतरही अनेक वर्षें निघत राहिले.