नाना शंकरशेठ आणि आपले स्टेशन

शाळेच्या आठवणी लिहिणारे वर्गमित्र पुष्कळ आहेत, आणि त्यांची स्मरणशक्ती माझ्याहून चांगली आहे. म्हणून स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा मी एका वेगळ्याच माणसावर लिहिण्याची परवानगी मागितली. हा माणूस आपल्या शाळेत कधी आला नाही. श्रीरामपूर त्याने पाहिले नाही, कारण तो वारला तेव्हा हे शहरच नव्हते. तरीही कुणी मारवाड्याचा, कुणी हमालाचा, कुणी साखर कारखान्यातल्या फिटरचा, कुणी बागाईतदाराचा, असे आपण सगळे एका बाकावर येऊन बसलो, त्यात त्याचा दूरचा पण खरा वाटा आहे.

त्याचे नाव आपल्या कानांवर आले ते मॅट्रिकच्या निकालामुळे. संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला मिळणारी जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती संस्कृतच्या सरांच्या तोंडी नेहमी असे. आपल्यापैकी कुणाला ती मिळाली नाही, ही गोष्ट वेगळी! पुढे मी रेल्वेच्या मालवाहतूक खात्यात चौतीस वर्षे काढली. तिथे हेच नाव पुन्हा भेटले, आणि संस्कृतच्या शिष्यवृत्तीचा हा धनी रेल्वेच्या इतिहासात कसा, हे शोधता शोधता मी नानांच्या चरित्रात गुंतलो.

जगन्नाथ शंकरशेठ मुरकुटे यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचा. दैवज्ञ समाजातले हे घराणे व्यापारासाठी मुंबईत स्थिरावलेले. १८२२ मध्ये वडील गेले आणि ऐन एकोणिसाव्या वर्षी मोठी पेढी नानांच्या अंगावर आली. ती त्यांनी सांभाळली आणि वाढवली. त्यांच्या सचोटीचा लौकिक इतका की अरब आणि अफगाण व्यापारीसुद्धा आपली पुंजी बँकेऐवजी नानांकडे ठेवत. हा विश्वास हेच त्यांचे खरे भांडवल. पुढची सगळी कामे त्यावर झाली.

पहिले काम शाळांचे. गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या काळात मुंबईत जी शिक्षणसंस्था उभी राहिली, तिच्या आधारस्तंभांपैकी नाना एक होते. पुढे सरकारच्या शिक्षण मंडळावर ते अनेक वर्षे सभासद होते. शिक्षण इंग्रजीतून द्यावे की देशी भाषांतून, हा वाद तिथे पेटला, तेव्हा इंग्रजी उत्तम जाणणारे नाना मातृभाषेच्या बाजूने उभे राहिले. मुलींना शाळेत घालणे लोकांना पसंत नव्हते त्या काळात त्यांनी मुलींच्या शाळेला स्वतःच्या वाड्यात जागा दिली. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनमध्ये ते पुढे होते. १८५७ च्या उठावात सरकारला त्यांचाही संशय आला, चौकशी झाली आणि ते निर्दोष ठरले. पुढे मुंबई कायदे कौन्सिलात हिंदी सभासद घ्यायचे ठरले तेव्हा पहिल्यांत त्यांचे नाव होते.

आता रेल्वे. खानदेश-वऱ्हाडचा कापूस त्या काळी बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून घाट उतरून मुंबईला येई. वाटेत आठवडेच्या आठवडे जात, निम्मा माल धुळीने आणि पावसाने खराब होई. इंग्लंडातल्या गिरण्यांना कापूस हवा होता, मुंबईच्या व्यापाऱ्यांना तो वेळेवर बंदरात हवा होता. १८४५ मध्ये नानांनी जमशेटजी जिजीभाईंच्या साथीने मुंबईत रेल्वेसाठी मंडळ उभे केले. लोखंडी रस्त्यावरून वाफेची गाडी धावते, यावर विश्वास ठेवायला माणसे तयार नव्हती. अशा वेळी नानांसारख्या माणसाने आपले नाव त्यामागे लावणे म्हणजे पेढीची पत पणाला लावणे होते.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी १८४९ मध्ये रीतसर स्थापन झाली. तिच्या संचालकांत हिंदी माणसे दोनच होती, जमशेटजी आणि नाना. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. चौदा डबे, तीन इंजिने, सुमारे चारशे पाहुणे. नाना त्यांत होते. बैलगाडीला दिवस लागायचा ते चौतीस किलोमीटरचे अंतर सुमारे तासाभरात संपले.

खरी कसोटी सह्याद्रीची होती. बोरघाटात पंचवीस बोगदे खोदावे लागले. हजारो मजूर त्यावर राबले आणि कितीतरी जण तापाने, पटकीने आणि अपघातांत गेले. १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ च्या आरंभी थळघाट खुला झाला. म्हणजे नानांच्या डोळ्यांदेखत रेल्वे देशावर चढली. त्याच वर्षी अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, मुंबईतल्या बड्या बड्या पेढ्या बुडाल्या. त्या पडझडीच्या दिवसांतच, ३१ जुलै १८६५ रोजी, नाना वारले.

इथपर्यंतची कथा रेल्वेच्या पुस्तकांत सापडते. पण आपल्या जिल्ह्याची कथा इथून पुढे सुरू होते, आणि ती नानांच्या चरित्राला जोडल्याशिवाय मला ते पुरे वाटत नाही.

घाट चढलेली रेल्वे नगर जिल्ह्याच्या दोन्ही अंगांनी निघून गेली. उत्तरेला मनमाडवरून, दक्षिणेला दौंडवरून. मधला जिल्हा बैलगाडीवरच राहिला. १८७६ मध्ये पाऊस पडला नाही. स्टेशनवर धान्य उतरले तरी ते गावोगाव न्यायला बैल हवेत, आणि बैल चाऱ्यावाचून मरत होते. त्या दुष्काळात सरकारने दौंड-मनमाड रेल्वेचा भराव दुष्काळी काम म्हणून काढला. पोटासाठी बाया-बापडे पाट्या-कुदळी घेऊन त्यावर लागले. १८७७ मध्ये मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवरचा मोबदला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे एवढ्यावर आणला गेला, तेव्हा हजारो लोक उपाशीपोटी काम सोडून निघून गेले. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने सरकारशी भांडली. अशा हातांनी घातलेल्या भरावावर १८७८ मध्ये सुमारे २३५ किलोमीटरची आपली लाइन सुरू झाली. मनमाड, कोपरगाव, बेलापूर, राहुरी, नगर, दौंड.

लाइन आली आणि माल वाहणाऱ्या लमाण तांड्यांचा धंदा बसला. जुन्या रस्त्यांवरच्या पेठा ओस पडू लागल्या, स्टेशनजवळ नव्या उभ्या राहिल्या. याचा सर्वांत ठळक दाखला म्हणजे आपले शहर. मूळ बेलापूर प्रवरेच्या काठी, स्टेशनपासून काही किलोमीटर दूर. गावाचे नाव स्टेशनला मिळाले आणि वस्ती मात्र स्टेशनभोवती वाढली. आपण शाळेत होतो तेव्हा शहर श्रीरामपूर आणि स्टेशनच्या पाटीवर बेलापूर, याचा बाहेरगावच्या पाहुण्यांना केवढा घोळ व्हायचा, हे सर्वांना आठवत असेल.

नुसत्या रुळांनी मात्र शहर झाले नसते. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पुरे झाले, प्रवरेचे कालवे आले, सासवडकडचे माळी बागाईतदार ऊस घेऊन आले, हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना निघाला. पुढे १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा केला. पाण्याने ऊस दिला आणि रेल्वेने त्याला गिऱ्हाईक दिले. गूळ आणि साखरेच्या पोत्यांमागून अडते आले, हमाल आले, गाडीवान, टांगेवाले, खानावळवाले आले. त्यांची मुले म्हणजे आपण.

रेल्वेत नोकरी केलेला माणूस म्हणून हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. कंपनीचे बहुतेक भागधारक विलायतेत होते. त्यांना सरकारने ५ टक्के व्याजाची हमी दिली होती. नफा कमी पडला तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे शेतकऱ्याच्या साऱ्यातून भरली जाई. इंजिने आणि रूळ विलायतेहून येत. दुष्काळाच्या त्याच वर्षांत देशाबाहेर धान्य जात होते आणि ते बंदरापर्यंत नेणारीही रेल्वेच होती. नानांनी संचालक मंडळात जागा मिळवली, पण मालकी मिळाली नाही. ती मिळायला स्वातंत्र्य यावे लागले.

म्हणून नानांना भारतीय रेल्वेचे जनक म्हणताना मला ऊर भरून येतो, आणि त्याच वेळी भरावावरची ती नाव नसलेली माणसे डोळ्यांपुढे येतात. एकाने पत लावली, दुसऱ्यांनी उपाशी पोटाने माती वाहिली. आपल्या शहराला दोघेही पूर्वज आहेत. नानांचा पुतळा मुंबईच्या टाउन हॉलमध्ये आहे. त्या मजुरांसाठी आपल्या लाइनवर एखादा दगड मी तरी कुठे पाहिला नाही.

मित्रहो, शेवटी एक विनंती. आजही पढेगाव, चितळी, पुणतांब्याकडून रेल्वेने शिकायला येणारी मुले-मुली आहेत. मेळाव्यासाठी जमलेल्या निधीतून खर्च वजा जाता जी रक्कम उरेल, तिच्यातून दरवर्षी अशा गरजू मुलांचे मासिक पास काढून द्यावेत. मुलींना प्राधान्य द्यावे. या कामाला नानांचे नाव द्यायला हरकत नाही, पण त्याखाली आणखी एक ओळ असावी : १८७६-७८ च्या दुष्काळात हा लोहमार्ग बांधणाऱ्यांच्या स्मरणार्थ. माझ्याकडून पहिल्या पाच पासांचे पैसे मी मेळाव्याच्या दिवशी कार्यवाहांकडे देईन. बाकीचे तुम्ही पाहा.