परळची माकडे आणि काळा यीस्ट अर्क

लुसी विल्स १८८८ मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ जन्मल्या. वैद्यकीय पदवी मिळाली तेव्हा त्या बत्तीस वर्षांच्या होत्या. १९२८ साली त्या मुंबईत आल्या, त्या गरोदर बायकांचा, विशेषतः गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांचा, जीव घेणाऱ्या रक्तक्षयाचे कारण शोधायला.

हा लोहाच्या कमतरतेचा नेहमीचा रक्तक्षय नव्हता. त्यात तांबड्या पेशी लहान नि फिकट होतात. इथे त्या संख्येने थोड्या, पण आकाराने मोठ्या दिसत. जंतुसंसर्गाचा संशय टिकला नाही. मग विल्स यांनी या बायकांच्या ताटात काय पडते ते पाहिले. हे आधीच कुणी पाहायला हवे होते!

परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी माकडांना तसाच निकस आहार दिला. माकडे आजारी पडली. मार्माइट, म्हणजे ब्रिटिश लोक पावाला लावतात तो यीस्टचा खारट काळा अर्क, देताच ती सुधारली. गरोदर बायकाही सुधारल्या. यकृताच्या महागड्या अर्कापुढे हे औषध अगदी स्वस्त. १९३१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

मार्माइटमधला गुणकारी घटक बरीच वर्षे ‘विल्स फॅक्टर’ म्हणूनच ओळखला जाई. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून फॉलिक अ‍ॅसिड वेगळे काढले गेले. तो घटक हाच. तो कमी पडला की डीएनए नीट तयार होत नाही, पेशी वाढते पण वेळेवर विभागत नाही, म्हणून ती मोठी दिसते.

विल्स १९६४ मध्ये वारल्या. गरोदरपणात लोहाच्या गोळीतून मिळणारे फॉलिक अ‍ॅसिड ते हेच.