रंगभूमीची फुलराणी

मराठी रंगभूमीवर फार काळ स्त्रियांच्या भूमिका पुरुष नट करीत असत. बालगंधर्वांनी त्या भूमिकांना अपूर्व वैभव प्राप्त करून दिले. पुढे १९३३ साली मुंबईत ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक झाले. त्यात ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या नटींनी कामे केली आणि रंगभूमीची दारे स्त्रियांना अधिक मोकळी झाली. तथापि लोकांना पोट धरून हसविण्याचे काम बहुतांशी पुरुषांकडेच राहिले. नायिकेने सुंदर दिसावे, हळू बोलावे आणि वेळप्रसंगी डोळ्यांत पाणी आणावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असे. हा संकेत ज्या नटींनी धिटाईने मोडला, त्यांत भक्ती बर्वे यांचे नाव अग्रभागी आहे.

भक्ती बर्वे यांचा जन्म १० सप्टेंबर १९४८ रोजी सांगली येथे झाला. सांगली ही मराठी नाटकाची जन्मभूमी. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली तेथेच आपले पहिले नाटक सादर केले होते. परंतु भक्तीबाईंची कर्मभूमी ठरली ती मुंबई. सुधा करमरकर यांनी मुलांसाठी ‘लिटल थिएटर’ ही बालरंगभूमी उभारली होती. तिच्या नाटकांतून भक्तीबाईंनी आपल्या अभिनयाचा श्रीगणेशा केला. बालप्रेक्षक मोठा कठोर परीक्षक असतो. त्याला कंटाळा आला की तो तत्काळ चुळबुळ करू लागतो. अशा प्रेक्षकाला खिळवून ठेवणे ही नटाची खरी शाळाच होय.

पुढे त्यांनी आकाशवाणीवर निवेदिका म्हणून आणि मुंबई दूरदर्शनवर वृत्तनिवेदिका म्हणून काम केले. तेथे प्रत्येक अक्षर स्वच्छ उच्चारावे लागते. शब्दावर कोठे जोर द्यावा, कोठे थांबावे, याचे भान सतत ठेवावे लागते. वाणीची ही साधना त्यांना लवकरच एका विलक्षण रीतीने उपयोगी पडणार होती.

आयरिश नाटककार बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकाच्या आधारे पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ हे नाटक लिहिले. १९७५ साली ते रंगभूमीवर आले. त्यातील मंजुळा ही फुले विकून पोट भरणारी एक गरीब मुलगी. तिची भाषा रांगडी, आवाज चढा, तोंड फटकळ. अशोक जहागीरदार नावाचा भाषेचा एक विद्वान प्राध्यापक तिला शुद्ध बोलावयास शिकवून प्रतिष्ठितांत मिरविण्याची पैज घेतो. सतीश दुभाषी यांनी प्राध्यापकाची भूमिका केली आणि भक्ती बर्वे मंजुळा झाल्या.

ही भूमिका वाटते तितकी सोपी नव्हती. एकाच नटीला एकाच रात्री अनेक प्रकारे बोलावयाचे होते. आरंभी रस्त्यावरची बेधडक बोली, मग अडखळत शिकलेले उच्चार आणि अखेरीस सफाईदार नागर भाषा. वृत्तनिवेदनाने घासूनपुसून लख्ख झालेली आपली वाणी बाजूस ठेवून भक्तीबाईंनी मंजुळेचा ठसका उचलला. त्या हातवारे करीत, आरडाओरडा करीत. आपण सुंदर दिसतो की नाही याची त्यांना पर्वा नसे. नाट्यगृहात हास्याचा कल्लोळ उसळे.

परंतु हे हास्य केवळ गमतीचे नव्हते. प्राध्यापक मंजुळेला माणूस न मानता प्रयोगाची वस्तू मानतो. त्याचा सूड घेण्याची स्वप्ने ती एका दीर्घ स्वगतात रंगविते. भक्तीबाई हे स्वगत असे म्हणत की, प्रेक्षक हसता हसता अंतर्मुख होत. अशुद्ध बोलणाऱ्या माणसालाही मान असतो, मन असते, ही जाणीव त्या हास्यामागे उभी राही. त्या स्वगताने भक्तीबाईंचे नाव घरोघरी पोहोचविले.

एका भूमिकेच्या यशावर त्या विसावल्या नाहीत. ‘आई रिटायर होतेय’ या नाटकात त्यांनी घरकामातून निवृत्त होऊ पाहणारी आई साकारली. ‘जाने भी दो यारो’ या १९८३ सालच्या हिंदी चित्रपटातील त्यांची धूर्त संपादिकाही प्रसिद्ध आहे. प्रेमानंद गज्वी यांच्या ‘गांधी-आंबेडकर’ या नाटकात त्या चक्क विदूषक झाल्या. परंपरेने पुरुषाची मानलेली ही भूमिका करून त्यांनी आपली धिटाई पुन्हा सिद्ध केली. १९९० साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

१२ फेब्रुवारी २००१ रोजी वाईहून मुंबईस परतत असताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर झालेल्या मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे ५२ वर्षांचे होते.

नटाची कला पाण्यावरच्या रेषेसारखी असते, असे म्हणतात. पडदा पडला की ती पुसली जाते. परंतु मंजुळेची गोष्ट निराळी आहे. भक्तीबाईंच्या नंतर सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष इत्यादी अभिनेत्रींच्या नावाशीही ही भूमिका जोडली गेली. मंजुळा करू पाहणाऱ्या प्रत्येक नटीसमोर भक्तीबाईंचा आदर्श उभा असतो. शाळांच्या स्नेहसंमेलनांत आणि अभिनयाच्या स्पर्धांत मुली आजही ते स्वगत आवडीने म्हणतात. मुलांनो, एखाद्याच्या बोलीला हसण्याचा मोह झाला, तर फुलराणीची आठवण करावी. भाषा शुद्ध असावी हे खरे. पण तिच्या बळावर दुसऱ्यास हीन लेखू नये, हाच त्या फुलवालीने दिलेला धडा आहे.