अटीवर प्रवेश मिळालेली विदुषी

ज्येष्ठ लेखिका दुर्गा भागवत यांच्या धाकट्या भगिनी कमला सोहोनी यांना १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्यांनी आग्रह सोडला नाही. तेव्हा संचालक सर सी. व्ही. रामन यांनी वर्षभराच्या अटीवर प्रवेश दिला. त्यांच्या कामामुळे रामन यांचे मत पालटले आणि इतर मुलींसाठीही संस्थेचे दार उघडले. वनस्पतींतील ‘सायटोक्रोम सी’वरील संशोधनासाठी १९३९ मध्ये केंब्रिजने त्यांना पीएच.डी. दिली. पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून विद्यार्थ्यांसह त्यांनी नीरा आणि कडधान्ये अशा सामान्यांच्या आहाराचे पोषणमूल्य तपासले. नीरेवरील कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले. एकेकाळी दारातच अडवली गेलेली ही विद्यार्थिनी मुंबईतील त्याच संस्थेची संचालकही झाली होती.