कुंडीतला वाटाणा

दिवाळीच्या सुटीत नात मोताळ्याला आली की टीव्हीचा ताबा तिच्याकडे जातो. यंदा तिने ‘लायन किंग’ लावला. डिस्ने कंपनीचा हा चित्रपट १९९४ मध्ये हाताने काढलेल्या चित्रांतून आला आणि २०१९ मध्ये संगणकाच्या करामतीतून पुन्हा, तोही हिंदी बोलत. पाहता पाहता तिने विचारले, निर्जीव वस्तूंना असे पडद्यावर चालवण्याचा उद्योग आपल्याकडे पहिल्यांदा कोणी केला? माझ्या लहानपणी सिनेमा पाहायचा म्हणजे मलकापूर गाठायचे, तेव्हा या विषयातला माझा अधिकार बेताचाच. पण हे नाव मला ठाऊक होते : धुंडिराज गोविंद फाळके. दादासाहेब म्हटले की सर्वांना ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो. त्याआधीचा वाटाणा कोणाला आठवत नाही.

जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७० चा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. गोध्र्यात फोटोचा धंदा मांडला, तर प्लेगने पत्नी आणि मूल नेले. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग छापखाना, मग भागीदारांशी बेबनाव. चाळिशी उलटलेली, हाती काही नाही, अशा वेळी १९११ मध्ये गिरगावात त्यांनी ख्रिस्तचरित्रावरचा मूकपट पाहिला आणि पडद्यावर आपले राम-कृष्ण आणायचे वेड घेतले. चित्रपट पाहून पाहून डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासे झाले. दृष्टी परतताच विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत लंडन गाठले, हेपवर्थच्या स्टुडिओत काम पाहिले आणि विल्यमसन कॅमेऱ्याची सोय करून परतले.

कॅमेरा आला, पण भांडवल कोण देणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा रोवून महिन्याहून अधिक दिवस, थांबून थांबून, एकेक चित्र टिपले. पट्टी फिरवली तेव्हा मिनिटभरात बीला कोंब फुटून वेल झाली. हीच ‘अंकुराची वाढ’. ती पाहूनच कर्ज मिळाले. तरी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले ते पडलेच. या बाईंनी अंधारात बसून फिल्मच्या कडेला भोके पाडली, रसायने कालवली, चित्रीकरणात उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहिल्या आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला. ३ मे १९१३ ला कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तो फाळक्यांच्या नावाने. मला विचाराल तर त्यातला अर्धा वाटा बाईंचा.

१९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. काडी किंचित सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. तेव्हाच्या वेगाने मिनिटाला हजाराच्या आसपास चित्रे लागत. वॉल्ट डिस्ने त्या वर्षी शाळकरी मुलगा होता!

१९३७ साल मात्र मला चटका लावते. त्या वर्षी डिस्नेने घर गहाण टाकून केलेला ‘स्नो व्हाइट’ झळकला आणि त्यातून एक साम्राज्य उभे राहिले. त्याच वर्षी फाळक्यांचा एकुलता बोलपट ‘गंगावतरण’ आला, तो त्यांचा शेवटचा ठरला. नाशिकची हिंदुस्थान फिल्म कंपनी त्याआधीच बंद पडली होती. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकलाच ते गेले, जवळजवळ विस्मरणात.

आगकाड्यांचा तो चित्रपट आज पाहायला मिळत नाही, मग नातीला दाखवणार काय? शेवटी स्वयंपाकघरातली काड्यापेटी आणली, तिच्या आईचा फोन उशीला टेकवून उभा केला आणि दोघे जमिनीवर बसलो. दुपारभरात दोनशे फोटो झाले, त्यातून वीस सेकंद काड्या चालल्या. मध्येच एकदा मांजर आले, तेही त्यात आहे.