पाट्यांवरची बाराखडी

बँकेत असताना मी पहिली कादंबरी लिहायची म्हणून रजा काढून महाबळेश्वरला गेलो होतो. आठ दिवस राहिलो. सगळे पॉइंट पाहिले, स्ट्रॉबेरी खाल्ली, आठ सूर्यास्त पदरात पडले आणि वही कोरी ती कोरीच घेऊन परतलो. लिहिणाऱ्याला विषय कुठे सापडतात, असं इस्लामपुरातली कॉलेजची मुलं मला विचारतात, तेव्हा ती वही आठवते. (गावाचं नाव ईश्वरपूर करण्याची घोषणा २०२५ साली झाली. माझ्या जिभेवर जुनंच बसलं आहे, वाचकांनी चालवून घ्यावं.) आणि पाठोपाठ आठवतं ते आमच्याच वाळवा तालुक्यातलं वाटेगाव.

पुणे-बंगळूर रस्त्यावर कासेगावाहून आत वळलं की हे गाव लागतं. तिथल्या मांगवाड्यात १ ऑगस्ट १९२० रोजी भाऊराव आणि वालुबाईंच्या पोटी तुकाराम जन्मला. हेच पुढचे अण्णा भाऊ साठे. गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा तो काळ. जन्मापासूनच माणूस गुन्हेगार ठरायचा, हजेरी द्यायला जायचा. शाळेशी अण्णा भाऊंचा संबंध आला तो दीड दिवसाचा.

१९३१-३२च्या सुमारास हे कुटुंब पोटासाठी मुंबईला निघालं, तेही पायी. आपण रात्री एस.टी.त बसतो आणि पहाटे मुंबईत डोळे चोळत उतरतो. त्यांना महिने लागले. मिळेल ते काम करायचं, चार दिवस थांबायचं, पुन्हा चालायचं. सहलीला गेलेला माणूस बघण्यासाठी थांबतो. हा मुलगा मजुरीसाठी थांबत होता, आणि बघणं आपोआप घडत होतं.

मुंबईत त्यांनी ओझी उचलली, फेरीवाल्याचं कापडाचं गाठोडं वाहिलं, पुढे गिरणीत काम केलं. पण मला सगळ्यात नवल वाटतं ते त्यांच्या बाराखडीचं. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं बघत बघत ते वाचायला शिकले. भिंतीवरची ती भडक रंगांची चित्रं आपण कलेत धरत नाही. चित्रप्रदर्शनाला जाऊन प्रतिभा जागी होते म्हणतात, होतही असेल. इथं एका पोराला रस्त्यावरच्या चित्रांनी अक्षरओळख करून दिली, तीही फुकट.

पुढे गावी परतल्यावर ते नात्यातल्या बापू साठ्यांच्या तमाशाच्या फडात रमले. तेव्हा आपला भाग सातारा जिल्ह्यात होता आणि बेचाळीसच्या चळवळीनं गावं तापली होती. अण्णा भाऊ पुन्हा मुंबईला गेले, आणि १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभं राहिलं. फडात ऐकलेली ढोलकी आता कामगारांच्या वस्तीत वाजू लागली. तमाशाचं त्यांनी लोकनाट्य केलं, गणात मायभूमीला वंदन आणलं. गावी बायको ठेवून मुंबईत राबणाऱ्या गड्याचं दुःख घेऊन संयुक्त महाराष्ट्राची छक्कड रचली. ती आजही लोकांना पाठ आहे.

‘फकिरा’ही असाच घरातून आला. आपल्याच मातीतल्या, आपल्याच जातीतल्या बंडखोराच्या लहानपणापासून ऐकलेल्या हकिकती त्यांनी १९५९ साली कादंबरीत आणल्या, पुस्तक डॉ. आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलं. १९६१ साली त्याला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. पण लिहिणं घडत होतं ते घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत. १८ जुलै १९६९ रोजी ते गेले. एकोणपन्नास पूर्ण व्हायला दोन आठवडे उरले होते. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा अर्धपुतळा बसला.

त्यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा मी महाबळेश्वरहून परतल्यावर वाचली. वारणाकाठचा भीमा मुंबईत खाणीवर काम करतो. खाण बंद पडते आणि तो मढ्यांच्या अंगावरचं सोनं शोधू लागतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात. ती कापावी लागतात, आणि नेमकी त्याच सुमारास खाण पुन्हा सुरू होते. मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो.

कारण आमच्या शाखेत सोनेतारणाचं टेबल माझ्याकडे होतं. सराफानं तोलायचं, मी फॉर्म भरायचा. एका बाईचं डोरलं मुदतीत सुटलं नाही. नोटिसा गेल्या, लिलाव ठरला. सारं नियमाप्रमाणे. त्या सकाळी ती काउंटरशी आली. पैसे आणले नव्हते. डोरलं एकदा बघू द्या, एवढंच मागत होती. पाकीट सीलबंद आहे असं सांगून मी तिला परत पाठवलं आणि पुढचा व्हाउचर ओढला. महाबळेश्वरच्या आधीच्याच वर्षातली ही गोष्ट.

पुढे ती कादंबरी मी लिहिली. निवृत्त झाल्यावर एक प्रत घेऊन बाईच्या गावी गेलो. ती राहिली नव्हती. मुलानं पाट टाकून बसवलं, चहा दिला. डोरल्याचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. पुस्तक त्यानं दोन्ही हातांनी घेतलं आणि देवळीत, आईच्या फोटोशेजारी ठेवलं.